निरूपणाचे स्थलांतर

दक्षिणेतील मराठीचा विचार आपले अभ्यासक सामान्यतः ग्रंथालयापासून आरंभ करतात. तंजावरचा सरस्वती महाल, तेथील हस्तलिखिते व मोडी दप्तरे, बृहदीश्वराच्या मंदिरातील १८०३ चा प्रदीर्घ मराठी शिलालेख, दुसरे शहाजी राजे (राज्यकाल १६८४ ते १७१२) यांची नाटके, अरणीच्या आनंदतनयाची आख्याने, ही सर्व सामग्री मोलाची आहे आणि तिच्यावर झालेले संशोधनही उपेक्षणीय नाही. तथापि ह्या सामग्रीकडे पाहण्याच्या आपल्या दृष्टीत एक गृहीत दडलेले असते. भाषा परमुलखात गेली म्हणजे ती तेथे ठेव म्हणून ठेवली गेली, आणि आपले काम त्या ठेवीची मोजदाद करण्याचे, असे आपण मानून चालतो. ठेव सुरक्षित राहते, परंतु ती कोणाच्या घरात नांदत नाही.

मला येथे वेगळे मत मांडावयाचे आहे. परमुलखात मराठीला जे घर मिळाले ते ग्रंथाच्या द्वारे मिळाले नाही, केवळ गाण्याच्या द्वारेही मिळाले नाही. ते मिळाले पदाचे निरूपण करणाऱ्या आणि ते ऐकणाऱ्या मंडळीच्या द्वारे. जेथे ही मंडळी नव्या भाषेत बोलू लागली तेथे पदही रुजले. जेथे पद तेवढे पुढे गेले आणि निरूपण मागे राहिले, तेथे पदाला टाळ्या मिळाल्या, घर मिळाले नाही. हे मत तंजावरच्या इतिहासावरून बनले आहे, पण ते लिहिण्याचे निमित्त बंगळूरच्या पूर्वेकडील के. आर. पुरम परिसराचे आहे. तेथील गोष्ट पुढे येईलच.

प्रथम निरूपण ह्या व्यवहाराविषयी. 'टीका' ह्या शब्दाला आजच्या मराठीत दोषदर्शनाचा वास चिकटला आहे. परंतु आपल्या वाङ्मयाचा एक आद्य स्तंभच मुळी टीका आहे. १२९० साली नेवाशास सांगितली गेलेली भावार्थदीपिका ही गीतेवरील टीका होय, आणि ती 'सांगितली गेली' ह्या गोष्टीला मी तिच्या विषयाइतकेच महत्त्व देतो. समोर श्रोते आहेत, निवृत्तिनाथ आहेत, लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा आहेत, आणि वक्ता पदोपदी त्यांच्याशी बोलतो, त्यांची मर्जी राखतो, त्यांच्याकडून लक्ष मागतो. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका पैठणास आरंभिली आणि १५७३ साली काशीस पुरी केली. टीका करणारा गाव बदलतो, श्रोते बदलतात, आणि टीका चालू राहते. हा प्रकार आपल्या परंपरेत अपवादभूत नाही.

वारकरी कीर्तनात हीच रचना उभ्याने पाहावयास मिळते. कीर्तनकार एक अभंग घेतो आणि त्याच्या चरणाचरणाचा विस्तार करतो. परंतु तो एकटा नसतो. मागे टाळकरी उभे असतात, मृदंगी असतो, विणेकरी असतो. कीर्तनकाराने एखाद्या संतवचनाचा नुसता उच्चार केला की टाळकरी ते प्रमाण उचलतात, चालीवर घेतात, आणि विवेचनाला गाण्याचा आधार मिळतो. म्हणजे येथे भाष्य एकाचे व गाणे दुसऱ्याचे असा भेद राहत नाही. पाठीमागच्या साथीदाराच्या स्मरणात किती गाथा आहे यावर पुढच्याचे निरूपण किती खोल जाईल हे पुष्कळ अंशी ठरते. (ह्या साथीवरूनच 'री ओढणे' हा वाक्प्रचार आपल्याकडे हांजी हांजी करण्याच्या अर्थाने रूढ झाला. तमिळमध्येही भजनातल्या झांजेला 'जालरा' म्हणतात आणि खुशमस्कऱ्यालाही तेच नाव आहे. दोन्ही भाषांनी साथीदारावर हा अन्याय का करावा हे मला उमगलेले नाही, कारण चांगला टाळकरी वक्त्याला चुकू देत नाही.)

आता स्थलांतराकडे वळू. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाच्या स्वारीत बंगळूर घेतले गेले आणि पुढे ते शहाजी राजांच्या जहागिरीचे ठाणे झाले. त्यांच्या दरबाराचे जे वाङ्मयीन चित्र आपल्याला ज्ञात आहे ते जयराम पिंड्ये ह्या कवीच्या 'राधामाधवविलासचंपू'तून. हा ग्रंथ राजवाड्यांनी १९२२ साली संपादून प्रसिद्ध केला. आपण बारा भाषांत कवित्व करतो असा जयरामाचा दावा आहे. दावा थोडा फुगवलेला असेल, कवी दरबारात उभा आहे हे विसरू नये. पण त्या ग्रंथातील सभेचे स्वरूप लक्षणीय आहे. अनेक भाषांचे कवी जमलेले आहेत, एक जण समस्या घालतो, दुसरा ती पुरी करतो, आणि एका भाषेतील उक्तीला दुसऱ्या भाषेतील उक्ती उत्तर देते. राजवाड्यांना त्यात प्रामुख्याने शहाजीच्या राजकीय कर्तृत्वाचे पुरावे दिसले, आणि त्यांच्या काळात ते स्वाभाविकच होते. आज तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने तो ग्रंथ पुन्हा उघडावा तो ह्या बहुभाषी उत्तर-प्रत्युत्तरासाठी. बंगळूरच्या भूमीवर मराठी आली तीच मुळी इतर भाषांच्या मंडळीत बसून.

१६८७ साली बंगळूर मोगलांच्या हाती पडले आणि लवकरच म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेले. त्याच्या सुमारे दहा वर्षे आधीच व्यंकोजींनी तंजावर घेतले होते. भोसल्यांचे राज्य तेथे १८५५ पर्यंत चालले. ह्या काळात रामदासी मठांमुळे मराठी कीर्तन कावेरीकाठी परिचित झाले होतेच. त्याच परंपरेतले मेरुस्वामी तिरुवितांकूरच्या स्वाती तिरुनाळांच्या (१८१३ ते १८४६) दरबारी गेले, आणि त्या संगीतज्ञ राजाने कुचेलोपाख्यान व अजामिळोपाख्यान ही कथेसाठी उपयोगी पडणारी आख्याने रचली. येथवर राजाश्रयाची कहाणी आहे आणि ती आपल्या अभ्यासकांना ठाऊक आहे.

मला अधिक विचारार्ह वाटते ती पुढची गोष्ट. १८५५ साली तंजावरचे शेवटचे राजे निवर्तले आणि राज्य खालसा झाले. राजाश्रयाच्या गणिताने पाहिले तर मराठी कीर्तनाचा तेथला अध्याय येथे संपावयास हवा. प्रत्यक्षात तो येथे नव्याने सुरू झाला. १८६० नंतरच्या दशकात मोरगावचे रामचंद्रबुवा तंजावरास आले आणि चातुर्मासात त्यांची कीर्तने झाली. एक मुख्य सूत्र घेऊन त्याभोवती आख्यान बांधणे, साकी, दिंडी, ओवी, अभंग, आर्या, घनाक्षरी असे छंद प्रसंगानुसार बदलत जाणे, मध्ये विवेचन, मध्ये विनोद, आणि सर्वांना धरून ठेवणारी लय ही त्यांची पद्धत तेथील तमिळ भाषक गायक मंडळींनी बारकाईने ऐकली. त्यांतून तंजावर कृष्ण भागवतर यांनी जी कथा उभी केली ती तमिळ 'कथाकालक्षेपम्'चे पुढील अनेक दशकांचे प्रमाणरूप ठरली. तिचे निवेदन तमिळमध्ये. पदे तमिळ, तेलुगू, संस्कृत आणि मराठी अशी चारही भाषांतली. हातात चिपळ्या, ज्यांना तमिळ मंडळी आजही त्याच शब्दाच्या अपभ्रंशाने ओळखतात. साथीला बसणाऱ्यांत मराठी घराण्यातले नारायणस्वामी आप्पा यांच्यासारखे मृदंगवादक होते, ज्यांच्या घरची भजने तंजावरच्या संगीतविश्वात प्रसिद्ध होती.

ह्या मराठी छंदांतल्या पदबंधांना तमिळ कथाकारांनी नाव दिले ते 'निरूपणम्'. हा शब्द तेथे कसा बदलला ते पाहावे. आपल्याकडे निरूपण म्हणजे पदावरचे विवेचन. तेथे निरूपणम् म्हणजे ते पदच, साकी-दिंडीची ती संपूर्ण मालिका. जे भाष्य होते त्याचे नाव गाण्याला लागले. मला ह्यात केवळ भाषिक योगायोग दिसत नाही. त्या श्रोत्यांना मराठी पद आणि त्याचा उलगडा एकाच वेळी, एकाच मुखातून, एकमेकांत गुंफून मिळाला होता. दोन्ही वेगळी काढता येतात हे त्यांच्या अनुभवातच नव्हते. सी. सरस्वतीबाईंसारख्या विसाव्या शतकातील स्त्री कथाकारांपर्यंत मराठी छंद तमिळ कथेत टिकले, ते ज्यांना मराठी बोलता येत नव्हते अशा श्रोत्यांसमोर टिकले. सिंहासन नव्हते, शाळा नव्हती, मराठी मुद्रणालय नव्हते. सांगणारा होता, आणि तो ऐकणाऱ्याच्या भाषेत सांगत होता.

पंजाबचे उदाहरण याला दुजोरा देते. नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. ती तेथे शतकानुशतके नांदली याचे कारण ग्रंथाचे पावित्र्य हे तर आहेच. परंतु गुरुद्वारात कीर्तनाच्या जोडीला कथा असते, म्हणजे बाणीचा अर्थ पंजाबीत उलगडून सांगण्याची नित्य प्रथा असते, हेही कारण लहान नाही. नामदेव पंजाबला परका राहिला नाही तो ह्या दोहोंमुळे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो टाळून चालणार नाही. संगीताला भाषेची गरज काय? आज चेन्नईच्या कर्नाटक संगीताच्या मैफलीत अखेरीस अभंग गाणे हा जवळजवळ शिष्टाचार झाला आहे. अरुणा साईराम किंवा रंजनी-गायत्री ह्या भगिनी अभंग गाऊ लागल्या की सभागृह टाळ्यांचा ठेका धरते. श्रोत्यांपैकी बहुसंख्यांना शब्द कळत नाहीत आणि त्यांचा आनंद तसूभर कमी होत नाही. आणि भीमसेन जोशी? गदगच्या कन्नड भाषक घरातले पंडितजी (१९२२ ते २०११) 'संतवाणी' गात तेव्हा तेथे कोणते निरूपण होते?

भीमसेनांचे उदाहरण माझ्या मताच्या विरुद्ध जात नाही, उलट ते अधिक स्पष्ट करते. पुण्यातील किंवा सोलापुरातील श्रोता त्यांच्यासमोर येऊन बसे तेव्हा निरूपण त्याच्या स्मरणात आधीच झालेले असे. आजीने सांगितलेले, देवळात ऐकलेले, वारीत कानावर पडलेले. गायकाने एक शब्द लांबवला की श्रोत्याच्या मनात त्या शब्दामागचा सगळा प्रसंग उभा राही. निरूपण मंचावर नव्हते, कारण ते सभागृहात होते. चेन्नईच्या किंवा बंगळूरच्या श्रोत्याच्या बाबतीत हे गृहीत धरता येत नाही. त्याचा आनंद खरा आहे, मी त्याला उणे लेखत नाही. परंतु तो आनंद लयीचा आहे, नादाचा आहे, फार तर नामाचा आहे. तुकाराम त्या पदात काय म्हणतो, कोणाशी भांडतो, कोणत्या शब्दाने स्वतःलाच टोचतो, हे त्या आनंदाच्या बाहेर राहते. परिणाम असा होतो की दक्षिणेच्या मैफलीत गौळण, विराणी, भारूड, पद या सर्वांना सरसकट 'अभंग' म्हटले जाते. नावे पुसली जाणे ही क्षुल्लक गोष्ट वाटेल, पण ज्या वाङ्मयात प्रकारागणिक वक्ता बदलतो, तेथे गौळणीतली गोपी आणि अभंगातला भक्त एकच समजला जाणे हे अर्थाचेच नुकसान होय.

आता के. आर. पुरम. कृष्णराजपुरम हे बंगळूरहून जोलारपेट्टैकडे, म्हणजे तमिळ मुलखाकडे, जाणाऱ्या लोहमार्गावरचे जुने स्थानक. शेजारच्या दूरवाणीनगरात १९४८ साली स्थापन झालेल्या भारतीय टेलिफोन उद्योगाच्या कारखान्यामुळे ह्या भागात कामगार वस्ती वाढली. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत व्हाइटफील्डच्या संगणक उद्योगाने येथे गृहसंकुलांची दाटी केली, आणि २०२३ साली मेट्रो कडुगोडीपासून के. आर. पुरमपर्यंत व पुढे बैयप्पनहळ्ळीपर्यंत जोडली गेल्यावर हा परिसर शहराचाच भाग झाला. ह्या संकुलांत मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांना जुन्या अर्थाने प्रवासी म्हणता येत नाही, कारण त्यांच्यापैकी अनेकांनी येथे घरे घेतली आहेत आणि त्यांची मुले कन्नड-इंग्रजी शिकत येथेच वाढत आहेत. गणेशोत्सवात आणि आषाढीला ही मंडळी एकत्र जमतात व गातात. शेजारी तमिळ, तेलुगू, कन्नड भाषक असतात, तेही येऊन बसतात, आपापली भजने म्हणतात. एक पुरंदरदासांचे देवरनाम, मग एक अभंग, मग एखादी तमिळ नामावळी, असा क्रम ह्या भागात सहज ऐकू येतो. गाण्याची देवाणघेवाण निःसंशय होत आहे. तीत आपपरभाव नाही, आणि राज्यांच्या सीमांवरून वृत्तपत्रांत चालणारी कटुता त्या सतरंजीपर्यंत पोहोचत नाही, हेही नमूद करावयास हवे.

पण गाणे संपले की पुढचे गाणे सुरू होते. मध्ये कोणी काही बोलत नाही. मराठी मंडळी शेजाऱ्याला अर्थ सांगत नाहीत, कारण अर्थ सांगणे म्हणजे प्रवचन झोडणे अशी त्यांची समजूत आहे, आणि काहींना तो सांगताही येत नाही. त्यांच्या पिढीने अभंग ध्वनिमुद्रिकांवर ऐकला, कीर्तनात ऐकला नाही. विचारले तर ते चाल कोणाची हे सांगतात, चरणाचा अन्वय सांगत नाहीत. सतराव्या शतकात ह्याच शहरात जयराम पिंड्ये दुसऱ्या भाषेच्या कवीला उत्तर देत होता. आज त्याच शहरात आपण एकमेकांच्या गाण्याला टाळ देतो, उत्तर देत नाही. मेळावा आहे, मंडळी अजून झालेली नाही.

ह्यात कोणाचा दोष काढण्याचा हेतू नाही. सुदैवाने ज्या भूमीत ही मंडळी राहतात तेथेच ह्या उणिवेवरचा उपाय परंपरेने तयार ठेवला आहे. कर्नाटकातील गमक कलेत एक गमकी कुमारव्यासाचे भारत किंवा अन्य काव्य रागात वाचतो आणि शेजारी बसलेला व्याख्यानकार त्या पद्याचा अर्थ विशद करतो. दोघांची कामे वेगळी, आसन एक. मराठी कीर्तनात वक्ता आणि गायक एकवटलेले असतात, आणि तसा सिद्ध कीर्तनकार परमुलखात मिळणे कठीण. गमकात ती दोन कामे दोन व्यक्तींत वाटलेली असतात. म्हणजे अभंग मराठी भाषकाने म्हणावा आणि व्याख्यान कन्नड जाणणाऱ्याने कन्नडमध्ये करावे, ही व्यवस्था येथील कन्नड श्रोत्याला मुळीच अपरिचित वाटणार नाही. विठ्ठलाला ज्ञानदेवांनीच कानडा म्हटले आहे, पुरंदरदासांची नाममुद्रा विठ्ठलाचीच आहे. त्याच्याविषयी कन्नडमध्ये बोलावयास संकोच कशाचा?

विद्यापीठांतील मराठी विभागांकडे मात्र माझी तक्रार आहे, आणि ती सौम्य शब्दांत मांडण्याचे कारण मला दिसत नाही. तमिळ कथाकारांचे निरूपणम् हा मराठी छंदांच्या इतिहासातला एक मोठा अध्याय आहे. आपल्या छंदोविचारात त्याला स्थान नाही. तो संगीतशास्त्राचा किंवा तमिळ विभागाचा प्रांत समजून आपण सोडून दिला आहे. दक्षिणेतील भजनी मंडळींच्या वह्यांत आणि छापील भजनपुस्तकांत मराठी पदे तमिळ लिपीत उतरवलेली आहेत. तमिळ लिपीत क आणि ग, प आणि ब यांना एकच अक्षर, महाप्राणाला स्वतंत्र अक्षर नाही, म्हणून काही पुस्तकांत अक्षरांच्या डोक्यावर आकडे घालून उच्चार सुचवलेला असतो. ह्या लिपिभेदातून पाठ कसा बदलला, कोठे शब्द अडखळला आणि गाणाऱ्याने तो कसा सावरून घेतला, कोठे आपल्या छापील गाथेत नसलेला चरण तेथे टिकला आहे, हे कोणी पाहावयाचे? मोडी वाचणारा विद्यार्थी तमिळ वाचत नाही आणि तमिळ वाचणारा साकी-दिंडी ओळखत नाही. आपल्या अभ्यासक्रमात मराठीच्या विद्यार्थ्याने एक द्राविडी भाषा लिपीसह शिकावी अशी तरतूद असती, तर हा प्रश्न विचारावाच लागला नसता.

शिवाय ह्या कामाला कालाची मर्यादा आहे. तंजावरी मराठी घरात बोलणारी आणि त्याच वेळी जुन्या पद्धतीची कथा ऐकलेली माणसे आता उतारवयातली आहेत. त्यांपैकी पुष्कळ कुटुंबे नोकरीच्या निमित्ताने तंजावर-कुंभकोणम सोडून चेन्नईला आणि बंगळूरला आली. हस्तलिखित आणखी शंभर वर्षे कपाटात राहू शकेल. साकीनंतर दिंडीवर येताना कथाकार नेमका कोठे थांबे, मराठी चरण म्हणून झाल्यावर तमिळमध्ये पहिले वाक्य कोणते बोले, श्रोत्यांतून कोण काय म्हणे, हे त्या माणसांच्या कानांत आहे आणि अन्यत्र कोठेही नाही. एखाद्या संशोधकाने ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन प्रथम तंजावरच्या ग्रंथालयात न जाता के. आर. पुरमच्या मेट्रो स्थानकावर उतरावे, आणि दुपारच्या वेळी त्या गृहसंकुलांतील वृद्धांशी बोलावे. प्रश्नही फार नकोत. आपल्या लहानपणी भागवतर आले की आपण कोठे बसत असा, एवढे विचारले तरी पुरेल.